'ती फुलराणी'ची मंजुळा: प्रोफेसरने उच्चार शिकवले, पण हजरजबाबीपणा कुणी शिकवला?

मी मूळची नाशिक जिल्ह्यातल्या वणीची. सप्तशृंगी गडाच्या वाटेवरचं गाव. मागे एकदा चैत्रोत्सवाच्या गर्दीवर मी एक व्हिडिओ केला होता. रस्ता, पाणी, एसटी, उन्हात चालत येणारे खान्देशातले भाविक, सगळं त्यात होतं. बोलताना घाईत 'वणी'चं 'वनी' झालं.

व्हिडिओखाली पाण्याबद्दल एकानेही विचारलं नाही. बहुतेक प्रतिक्रिया एकच सांगत होत्या: पत्रकार म्हणवता, आधी मराठी नीट शिका.

आईने त्या प्रतिक्रिया वाचल्या आणि म्हणाली, "म्हणजे आपलं अर्धं गाव चुकीच्या गावात राहतं का?"

आईच्या या उत्तरावरून मला मंजुळा साळुंके आठवली. मराठी रंगभूमीवरची ही कदाचित सगळ्यात लाडकी तोंडाळ नायिका. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिचं स्वगत केलेली एक तरी मुलगी तुमच्या ओळखीत असेल. मी स्वतः ते सातवीत केलं होतं. तालमीत बाई मला सारखं सांगायच्या, "उच्चार शुद्ध कर." अशुद्ध बोलते म्हणून जिची हेटाळणी होते त्या मुलीचं स्वगत मी शुद्ध उच्चारात पाठ करत होते. त्यातली गंमत कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

तर ही मंजुळा नेमकी कोण? ती आली कुठून? आणि इतक्या वर्षांनंतरही तिच्याबद्दल बोलायचं कारण काय?

मंजुळा कोण आहे?

'ती फुलराणी' हे पु. ल. देशपांडे यांचं नाटक १९७५ साली रंगभूमीवर आलं. निर्मिती इंडियन नॅशनल थिएटरची आणि दिग्दर्शन खुद्द पुलंचं. मंजुळाच्या भूमिकेत भक्ती बर्वे होत्या, तर प्रोफेसर अशोक जहागीरदारच्या भूमिकेत सतीश दुभाषी.

गोष्ट थोडक्यात अशी: मंजुळा फुलं विकते. तिची भाषा रस्त्यावरची, रांगडी. प्रोफेसर जहागीरदार भाषेचा अभ्यासक आहे, हुशार आहे आणि तितकाच उद्धट. या मुलीला शिकवून प्रतिष्ठितांच्या घोळक्यात कुणाला संशयही येणार नाही अशी 'सुसंस्कृत' बाई बनवून दाखवतो, अशी पैज तो लावतो. मग शिकवणी सुरू होते आणि शिकवणीबरोबर भांडणंही.

नावांवर एक नजर टाका. 'मंजुळ' म्हणजे कानाला गोड लागणारं. जिचा आवाज ऐकून प्रोफेसर कानावर हात ठेवतो, तिचंच नाव मंजुळा. समोर जहागीरदार, म्हणजे आडनावातच मालकी. भाषेवर मालकी कुणाची, हे भांडण पुलंनी पात्रांची नावं ठेवतानाच सुरू करून ठेवलंय.

नाटकाचं नाव आलं बालकवींच्या 'फुलराणी' या कवितेवरून. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे. जन्म १८९० सालचा, धरणगावचा. म्हणजे मराठीतल्या सगळ्यात नाजूक समजल्या जाणाऱ्या कवितांपैकी एकीचं नाव एका खान्देशी कवीने दिलं आणि पुलंनी ते रस्त्यावर फुलं विकणाऱ्या मुलीला लावलं.

मूळ गोष्ट कुठली?

'ती फुलराणी' हे रूपांतर आहे. मूळ नाटक जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचं 'पिग्मॅलियन'. त्याचा पहिला प्रयोग १९१३ साली व्हिएन्नात जर्मन भाषेत झाला आणि १९१४ मध्ये ते लंडनला इंग्रजीत आलं.

पिग्मॅलियन हे नाव त्याहून कितीतरी जुनं. ओव्हिड या रोमन कवीने सांगितलेल्या कथेत पिग्मॅलियन हा शिल्पकार आहे. तो स्त्रीचा पुतळा घडवतो, त्याच पुतळ्याच्या प्रेमात पडतो आणि देवीच्या कृपेने पुतळा जिवंत होतो.

त्या पुतळ्याला स्वतःचं काही म्हणणं नाही. शॉ यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. त्यांची एलायझा डूलिटल जन्मापासून जिवंत आहे आणि जरा जास्तच बोलते. आपणच हिला घडवलं, असं शिल्पकाराला वाटतं. पुतळ्याला ते मान्य नाही. नाटक उभं आहे ते या मतभेदावर.

पुढे १९५६ साली ब्रॉडवेवर या नाटकाची संगीतिका झाली, 'माय फेअर लेडी'. १९६४ साली तिच्यावर ऑड्री हेपबर्नचा चित्रपट आला आणि त्याला आठ ऑस्कर मिळाले. आपल्याकडे गुजरातीत 'संतु रंगीली' झालं, हिंदीत १९८० साली देव आनंद आणि टीना मुनीम यांचा 'मनपसंद' आला. फुलं विकणारी मुलगी आणि भाषेचा मास्तर ही जोडी जिथे जाईल तिथली होते. कारण साधं आहे. बोलण्यावरून माणसाची लायकी ठरवायची सवय सगळीकडेच आहे.

रूपांतर म्हणजे नक्कल का?

'हे तर इंग्रजीवरून घेतलंय' असं म्हणून काही जण नाक मुरडतात. पण मराठी रंगभूमीवर रूपांतराची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. पुलंचं 'अंमलदार' गोगोलच्या नाटकावरून आलं आणि 'तीन पैशाचा तमाशा' ब्रेख्तवरून.

'पिग्मॅलियन' मराठीत आणणं मात्र जास्त अवघड काम होतं. कारण या नाटकाचा विषयच उच्चार आहे. लंडनचे गरीब लोक शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गाळतात, यावर शॉ यांचे कितीतरी विनोद उभे आहेत. त्यांचं भाषांतर होऊच शकत नाही. त्यासाठी मराठी माणूस मराठी माणसाला नेमका कोणत्या अक्षरावर अडवतो, ते शोधावं लागतं. मराठीतली रांगडी बोली, शिव्यांचा ठेका, प्रोफेसरी मराठीचा तोरा हे सगळं पुलंना मुळापासून उभं करावं लागलं. हे नाटक मूळचं इंग्रजी आहे हे सांगितल्याशिवाय अनेकांना कळत नाही, यातच ते किती जमलंय हे दिसतं.

शिकवणीच्या आधीची मंजुळा

माझ्या मते मंजुळाबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज इथे होतो. आपण तिची गोष्ट 'मेकओव्हर'ची गोष्ट म्हणून सांगतो. आधी गावंढळ, मग स्मार्ट. डावीकडे जुना फोटो, उजवीकडे नवा.

पण हजरजबाबीपणा ती शिकवणीत मिळवत नाही. तो घेऊनच ती आलेली असते.

हे नीट कळण्यासाठी शॉ यांच्या नाटकातला एक प्रसंग बघू. एलायझा दुसऱ्या दिवशी स्वतःहून प्रोफेसर हिगिन्सच्या दारात येते. तिला फुलांच्या दुकानात नोकरी हवी आहे आणि त्यासाठी नीट बोलता यायला हवं. ती फुकट शिकायला आलेली नाही, फी ठरवायला आली आहे. एका तासाला एक शिलिंग. तिचा हिशेब असा: ओळखीतल्या एका मुलीला खरा फ्रेंच माणूस दीड शिलिंगात फ्रेंच शिकवतो. तुम्ही तर मला माझीच भाषा शिकवणार, मग तेवढेच पैसे कसे मागाल?

या युक्तिवादाला तोड नाही आणि तो करणाऱ्या मुलीने अजून एकही धडा घेतलेला नाही. हिगिन्सही मनात आकडेमोड करतो. ती दिवसाला अडीच शिलिंग कमावते. म्हणजे एक शिलिंग ही तिच्या कमाईची दोन पंचमांश रक्कम झाली. लक्षाधीशाच्या मानाने पाहिलं तर ही जवळपास साठ पौंडांची फी. इतकी मोठी फी आपल्याला आजवर कुणी देऊ केली नव्हती, हे त्याच्या लक्षात येतं.

पुढे शिकवणी अर्धवट झालेली असताना एलायझाला एका घरी चहाला नेतात. तिचे उच्चार आता चोख आहेत, पण विषय जुनेच. अत्यंत शिष्ट सुरात ती आपल्या मावशीच्या संशयास्पद मृत्यूची हकिगत सांगते. घरातल्यांनीच तिला संपवलं असणार, असं तिचं ठाम मत. निघताना ती एक शिवीवजा शब्दही वापरते. १९१४ साली लंडनच्या वर्तमानपत्रांत त्या एका शब्दावरून केवढा गदारोळ झाला होता. त्या प्रसंगात उच्चार शिकवणाऱ्याचे असतात आणि सांगण्यासारखं जे काही असतं ते तिचं.

मंजुळाचंही तसंच आहे. सुरुवातीची मंजुळा प्रोफेसरला पुरून उरते. त्याच्या ज्ञानाने ती दबत नाही. तो तिच्या शब्दांवर बोट ठेवतो, ती त्याच्या वागण्यावर बोट ठेवते. तिची भाषा 'अशुद्ध' असेल, पण तिला माणूस बरोबर कळतो. प्रोफेसरला शब्द सगळे येतात आणि समोरचा माणूस कळत नाही. नाटकातला विनोद बहुतेक वेळा या दोघांमधल्या अंतरातून येतो.

ते स्वगत इतकं का गाजलं?

प्रोफेसरच्या सततच्या अपमानाला वैतागलेली मंजुळा एकटी असताना मनातला सगळा राग बाहेर काढते. आपण मोठ्या झालो आहोत, सत्ता आपल्या हातात आहे आणि हा माणूस आपल्यापुढे गयावया करतोय, असं चित्र ती रंगवते. मग त्याला कायकाय शिक्षा द्यायच्या, त्याची यादी सुरू होते.

शॉ यांच्या मूळ नाटकात हा प्रसंग नाही. त्याचं नातं 'माय फेअर लेडी'मधल्या एलायझाच्या सूडाच्या गाण्याशी आहे. पण मराठीत त्याचा बाजच बदलला. तिथे गाणं आहे. इथे अर्धं गद्य, अर्धं पद्य, मध्येच नक्कल, मध्येच रडू, मध्येच नाच. अभिनेत्रीला एकाच वेळी मंजुळा, प्रोफेसर आणि स्वप्नातली मोठी बाई असं सगळं व्हावं लागतं.

म्हणूनच एकपात्री स्पर्धांमध्ये हे स्वगत इतकं चालतं. काही मिनिटांत सगळं दाखवायला मिळतं. पण मुली ते पुन्हा पुन्हा निवडतात त्याला आणखी एक कारण असावं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात रागवायची, समोरच्या शहाण्या माणसाला धडा शिकवायची आणि वर टाळ्या मिळवायची संधी एरवी कुठे मिळते?

मंजुळा साकारणाऱ्या बाईंचे उच्चार कसे होते?

अगदी चोख. भक्ती बर्वे मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या. म्हणजे ज्या काळात घरात एकच वाहिनी होती, त्या काळात लोक 'प्रमाण मराठी' ज्या आवाजांतून ऐकत होते, त्यांपैकी हा एक आवाज. तोच आवाज रंगभूमीवर रस्त्यावरच्या मंजुळाचा झाला.

दोन्ही भाषा एकाच तोंडात तितक्याच अस्सल वाटू शकतात, हे त्यांनी दाखवून दिलं. एक खरी आणि दुसरी तिची बिघडलेली आवृत्ती, असं त्यांच्या अभिनयात वाटत नाही. दूरदर्शनवरची त्यांच्या स्वगताची चित्रफीत आजही यूट्यूबवर बघितली जाते. 'जाने भी दो यारो'मधली धूर्त संपादक शोभा सेन त्यांनीच साकारली होती. २००१ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या अपघातात त्यांचं निधन झालं.

त्यांच्यानंतर प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी अशा अभिनेत्रींनी मंजुळा उभी केली. मराठीत 'ही भूमिका एकदा तरी करायचीच' असं वाटायला लावणाऱ्या स्त्री-भूमिका मोजक्या आहेत. मंजुळा त्यांपैकी एक.

याआधी मराठी रंगभूमीवर अशी नायिका नव्हती का?

होती. फटकळ आणि मानी नायिका मराठी संगीत नाटकांनाही प्रिय होती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान'मधली भामिनी (१९११) गरीब सैनिकाशी लग्न करायला ठसक्यात नकार देते. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संशयकल्लोळ'मधली रेवती (१९१६) संशयी प्रियकराला चांगलंच झुलवते. 'संशयकल्लोळ'चं मूळही फिरून फिरून मोलिएरच्या फ्रेंच नाटकापर्यंत जातं.

पण दोन फरक आहेत. पहिला असा की या दोन्ही नायिका तेव्हा पुरुष नटांनी, खुद्द बालगंधर्वांनी, साकारल्या. दुसरा जास्त महत्त्वाचा. भामिनी श्रीमंत घरातली आणि रेवती कलावंतीण, पण दोघींचं बोलणं ठाकठीक. त्यांच्या फटकळपणाला भाषेचं कवच होतं. मंजुळाकडे ते नाही. ती तोंड उघडते तेव्हा लोक आधी तिच्या उच्चारांना हसतात. ती काय म्हणाली ते नंतर, किंवा कधीच नाही.

'शुद्ध' म्हणजे नेमकं काय?

आता 'न' आणि 'ण'कडे येऊ, कारण ग्रामीण मराठी बोलणाऱ्याला सगळ्यात जास्त वेळा याच अक्षरावर अडवलं जातं. 'पानी' म्हणणारा अडाणी, 'पाणी' म्हणणारा शिकलेला.

पण 'पाणी' हा शब्द आला कुठून? संस्कृतातल्या 'पानीय' या शब्दावरून. त्यात 'न' आहे. 'लोणी' आलं 'नवनीत'वरून, तिथेही 'न'. 'जाणणे'चं मूळ संस्कृत 'जानाति', पुन्हा 'न'.

हा 'न' 'ण' झाला प्राकृतात. महाराष्ट्री प्राकृत बोलणाऱ्या सामान्य माणसांच्या तोंडी तो बदलला. म्हणजे आज आपण ज्या 'ण'ला शुद्ध म्हणतो, तो एकेकाळच्या संस्कृत पंडिताच्या कानाला अशुद्धच वाटला असता. भाषेच्या दृष्टीने 'पानी' आणि 'पाणी' यांत उच्च-नीच काही नाही. एक उच्चार शाळा, छापखाने आणि सरकारी कचेऱ्या यांनी स्वीकारला, दुसरा शेतात आणि बाजारात राहिला, एवढाच फरक.

जुन्या संस्कृत नाटकांत तर हा भेद नियमच होता. राजा संस्कृत बोलायचा आणि राणी, दासी, विदूषक प्राकृत. कालिदासाची शकुंतलाही प्राकृतच बोलते. रंगमंचावरच्या बाईच्या वाट्याला 'खालची' भाषा येणं हे मंजुळापासून सुरू झालेलं नाही.

आणि ही 'खालची' भाषा म्हणजे नेमकी कोणती? नाशिकजवळच्या पांडवलेणीत तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा कोरीव लेख आहे. आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम तिने त्यात ठासून सांगितलाय. तो लेख प्राकृतात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने पोस्ट टाकल्या. तो दर्जा मिळावा म्हणून मराठीचं प्राचीनत्व सांगताना पुढे केली गेली ती हीच, बोलणाऱ्या लोकांची, प्राकृताची परंपरा.

गडावर प्रोफेसरपेक्षा तयार कान

शॉ यांच्या नाटकाच्या सुरुवातीला हिगिन्स पावसात आडोशाला थांबलेल्या माणसांचं बोलणं ऐकून कोण कुठला ते ओळखतो. सहा मैलांच्या आत गाव सांगू शकतो, अशी त्याची बढाई आहे. लोक थक्क होतात.

वणीच्या माणसाला यात फार नवल वाटणार नाही. गडाच्या पायथ्याशी नांदुरीला, किंवा वर पहिल्या पायरीजवळ, ओटीचं सामान आणि झेंडूचे हार विकणाऱ्या बायकांजवळ जरा वेळ उभे राहा. गिऱ्हाइकाने दोन शब्द बोलायचा अवकाश. 'शे' म्हणाला की खान्देशातला, अहिराणी बोलणारा. हेल वेगळा लागला की मुंबईचा. त्यावरून भाव, गप्पा, 'यंदा चालत आले का गाडीने' हा प्रश्न, सगळं ठरतं. काहीजणी तर गिऱ्हाइकाशी त्याच्याच बोलीत बोलायला लागतात.

हिगिन्सला आणि जहागीरदारला जे येतं, तेच या बायकांना येतं. फरक इतकाच की प्रोफेसर बोली ओळखून माणसाला त्याची जागा दाखवतो आणि या बायका बोली ओळखून त्याला जवळ बोलावतात. फुलं विकणारी मुलगी भाषेबाबत अडाणी असते, हे प्रोफेसरचं गृहीतक गडाच्या पायथ्याशी दहा मिनिटंही टिकणार नाही.

मग प्रमाण भाषा नकोच का?

तसं नाही. मी रोज प्रमाण मराठीतच लिहिते. कोकणातल्या वाचकाला आणि विदर्भातल्या वाचकाला एकच बातमी कळायची तर एक सामाईक भाषा लागते. महाराष्ट्रात १९६२ पासून शुद्धलेखनाचे ठरलेले नियम आहेत आणि त्यांचा उपयोगही आहे.

मंजुळाही प्रमाण भाषेच्या विरोधात नाही. एलायझासारखंच तिलाही शिकायचं आहे, कारण त्या भाषेच्या पलीकडे बरी नोकरी आणि मान आहे, हे तिला ठाऊक आहे. तिचं भांडण व्याकरणाशी नाही, वागणुकीशी आहे. मुळाक्षरं शिकव, पण माणूस म्हणून बोल, एवढंच तिचं म्हणणं.

शॉ यांची एलायझा शेवटी हेच जास्त स्पष्ट मांडते. आपण बाई म्हणून बदललो ते हिगिन्सच्या धड्यांमुळे नाही, तर त्याच्या मित्राने पहिल्या दिवशी आपल्याला 'मिस डूलिटल' म्हणून हाक मारली त्यामुळे, असं ती सांगते. फुलवाली आणि प्रतिष्ठित बाई यांच्यातला फरक त्या कशा वागतात यात नसतो, लोक त्यांना कसं वागवतात यात असतो.

ही प्रेमकथा आहे की नाही?

या प्रश्नावर शंभरहून अधिक वर्षं वाद चालू आहे. शॉ यांनी नाटकाला 'रोमान्स' म्हटलं खरं, पण एलायझा आणि हिगिन्स यांचं जमवायला त्यांचा ठाम विरोध होता. लंडनच्या पहिल्या प्रयोगांत हिगिन्स झालेले हर्बर्ट बीरबोम ट्री पडदा पडता पडता एलायझाकडे फुलं फेकायचे, म्हणजे प्रेक्षकांनी काय समजायचं ते समजावं. शॉ भयंकर चिडले. १९१६ साली त्यांनी नाटकाला लांबलचक उपसंहारच जोडला. त्यात एलायझा फ्रेडी नावाच्या साध्या मुलाशी लग्न करते आणि फुलांचं दुकान काढते. तरीही संगीतिकेत आणि चित्रपटात ती शेवटी हिगिन्सच्याच घरी परत येते.

प्रेक्षकांना ती परत यावी असं का वाटतं? कारण दोघांची भांडणं रंगतात. एकमेकांना तोडीस तोड उत्तरं देणारी जोडी बघितली की आपण मनातल्या मनात त्यांचं लग्न लावून मोकळे होतो. शॉ यांचा प्रश्न वेगळा होता. ज्याने रोज अपमान केला, त्याच्या घरी चपला शोधून द्यायला ही हुशार मुलगी परत का जाईल?

पुलंनी मंजुळाला कुठे नेऊन सोडलं, ते इथे सांगत नाही. नाटक पुस्तकरूपात मिळतं, जरूर वाचा.

आज मंजुळा कुठे आहे?

२०१८ मध्ये सोनी मराठीवर 'ती फुलराणी' नावाची मालिका आली. २०२३ साली विश्वास जोशी दिग्दर्शित 'फुलराणी' हा चित्रपट आला, प्रियदर्शिनी इंदलकर आणि सुबोध भावे यांचा. त्यातली मुलगी कोळीवाड्यातली आहे आणि तिला तयार केलं जातं ते सौंदर्यस्पर्धेसाठी. काळाप्रमाणे परीक्षा बदलते, परीक्षक मात्र असतोच.

आता परीक्षकाचं काम प्रतिक्रियांच्या रकान्यानेही घेतलंय. बोलीभाषेत रील करणाऱ्या मुली लाखो लोकांपर्यंत पोहोचतात ही चांगली गोष्ट आहे. पण त्यांच्या व्हिडिओखाली जरा स्क्रोल करा. 'ण' सुधारणारे तिथे हजर असतात आणि मुलगी असली तर जरा जास्तच उत्साहाने.

मंजुळाचं स्वगत पुन्हा बघाल तेव्हा सूडाच्या यादीला हसाच, ती आहेच हसण्यासारखी. पण शक्य झालं तर नाटकाची सुरुवात काढून वाचा. शिकवणी सुरू व्हायच्या आधीची, फुलांची टोपली घेतलेली मंजुळा काय बोलते ते बघा. प्रोफेसरने तिला काय दिलं आणि तिचं आधीपासून काय होतं, याचा हिशेब तिथेच लागतो.

माझ्या पुढच्या व्हिडिओतही 'वनी' असंच गेलं. या वेळी घाईत नाही. आणि आई म्हणाली, "आता कसं आपल्या गावात आलीस."